शाकारणी

एखादे संकट एकदा दूर केले म्हणजे त्याविषयीचे आपले कर्तव्य संपते काय, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. आपल्या कहाण्यांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. राक्षस मारला जातो, गाव सुटकेचा निःश्वास टाकते आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. त्यानंतर दहा वर्षांनी वेशीवर कोण जागत होते, याची विचारपूस कोणतीही कहाणी करीत नाही. तसे करण्याचे कारणही नसते, कारण मेलेला राक्षस परत येत नाही. परंतु सर्वच संकटे मरणारी नसतात. काही संकटे केवळ थोपवून धरता येतात आणि थोपवून धरण्याचे काम ज्या क्षणी थांबते, त्या क्षणी ती पूर्वीच्याच जागी येऊन उभी राहतात. अशा संकटांच्या बाबतीत ‘उपाय केला’ हे वाक्य भूतकाळात उच्चारणेच चुकीचे ठरते. हा विचार मला कोणत्या ग्रंथातून सुचलेला नाही. तो सुचला परक्या देशातील एका तळघरात, एका लहानशा नळीसमोर उभा असताना.

२०१८ सालच्या डिसेंबरात आम्ही उभयता किरनापुरहून पेनसिल्व्हेनियात मुलीकडे गेलो होतो. बालाघाट जिल्ह्यातील आमच्या गावची थंडी म्हणजे शेकोटीभोवती बसण्याची थंडी. तिथली थंडी महिनोन्‌महिने खिडक्या बंद ठेवायला लावणारी. मुलीने आणि जावईबापूंनी ते घर तीन वर्षांपूर्वी विकत घेतले होते. पाहुण्यांची खोली तळघरात होती, उबदार आणि गालिचा अंथरलेली. शेजारीच नातवाची खेळण्याची जागा होती. कोपऱ्यात एक जाड पांढरा पाइप जमिनीतून निघून छतात शिरत होता आणि त्याच्यावर इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची एक पारदर्शक नळी बसवलेली होती. तिच्यात लाल रंगाचा द्रव होता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला अशी नळी पाहून स्वस्थ बसवत नाही. जवळ जाऊन पाहिले, तर दोन्ही बाजूंची पातळी अगदी सारखी होती. मी विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, ते रेडॉनचं आहे. घर घेतलं तेव्हापासून बसवलेलंच आहे. तुम्ही काळजी करू नका.’’ जावईबापूंनीही मान डोलावली. माझे समाधान झाले होते आणि नळीखालच्या कागदावरील बारीक अक्षरे मी वाचली नसती, तर ते तसेच टिकले असते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसल्यास पंखा बंद पडला आहे असे समजावे, एवढाच त्या अक्षरांचा मथितार्थ होता.

समतोल हा शब्द आपल्याला प्रिय आहे. तराजूची पारडी सारखी झाली की न्याय झाला, असे आपण मानतो. त्या नळीत मात्र समतोल हेच अनर्थाचे चिन्ह होते. पुढचे समजण्यासाठी या रेडॉनची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

युरेनियम हे मूलद्रव्य थोड्याफार प्रमाणात जवळजवळ सर्वच खडकांत आणि मातीत असते. त्याचे निम्मे अणू विघटित होण्यास सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात. या संथ विघटनाच्या साखळीत पुढे रेडियम निर्माण होते आणि रेडियमपासून रेडॉन. साखळीतील इतर सर्व घटक घनरूप असल्याने जागच्या जागी राहतात. रेडॉन तेवढा वायू असल्याने मातीच्या फटींतून वर येतो. १९०० साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख डॉर्न यांनी रेडियममधून बाहेर पडणाऱ्या या वायूची नोंद केली. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवसांचे, पण तेवढ्या अवधीत तो घरात शिरला, तर त्याच्यापासून उत्पन्न होणारे पोलोनियमसारखे किरणोत्सारी अणू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तेथील पेशींना इजा करतात. उघड्या हवेत रेडॉन विरून जातो. बंद घरात तो साठतो. युरोपातील खाणकामगारांच्या छातीच्या जीवघेण्या व्याधीचे वर्णन ॲग्रिकोला याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले होते. श्नेबर्गच्या खाणीतील ती व्याधी म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग होय, हे १८७९ साली उमगले आणि त्यामागे रेडॉनचा हात असल्याचे त्याच्याही नंतर. न दिसणाऱ्या शत्रूचे नाव कळायला माणसाला शतके लागली.

हा शत्रू केवळ खाणीत नसून घरातही असतो, हे जगाच्या ध्यानात आणून देणारी घटना त्याच पेनसिल्व्हेनियात घडली. १९८४ च्या डिसेंबरात लिमरिक येथील अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते किरणोत्सर्गाच्या तपासणी यंत्रापुढे उभे राहिले की यंत्र घंटा वाजवू लागे. शेवटी उमगले की हा किरणोत्सर्ग त्यांना केंद्रात लागलेला नसून ते तो घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरातील हवेत रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी आढळले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे उपाययोजनेसाठी जी पातळी ठरवली, ती आहे ४. ते घर रीडिंग प्राँग नावाच्या, युरेनियम असलेल्या खडकांच्या पट्ट्यावर उभे होते. कुटुंबाला घर सोडावे लागले, घराची दुरुस्ती झाली आणि काही महिन्यांनी ती मंडळी तेथेच राहायला परतली. जमीन तीच राहिली, खडकही तेच राहिले. मधे आला तो मानवी उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील रेडॉनसाठी घनमीटरमागे १०० बेक्वेरेल ही संदर्भपातळी सुचवली आणि ती शक्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. अमेरिकेतील ४ पिकोक्युरी म्हणजे सुमारे १४८ बेक्वेरेल होतात.

उपाय तसा साधा आहे. तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून खालच्या मातीपर्यंत पाइप नेतात, तो छपराच्या वर काढतात आणि वाटेत एक पंखा बसवतात. पंखा जमिनीखालची हवा सतत ओढत राहतो, त्यामुळे तेथील दाब घरातील दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि रेडॉन घरात शिरण्याऐवजी पाइपाच्या वाटेने आकाशात निघून जातो. दाबातील हा फरकच त्या नळीत पातळीचा फरक म्हणून दिसतो. या योजनेत जखम कोठेही भरून येत नाही. माती पूर्वीइतकाच वायू सोडीत राहते. पंखा फक्त त्याला दुसरी वाट दाखवीत असतो. म्हणून तो रात्रंदिवस, बारा महिने चालावा लागतो. असे पंखे पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात आणि मग दुरुस्त करावे किंवा बदलावे लागतात, असे त्याच संस्थेची माहितीपुस्तिका सांगते. काँक्रीटला नव्या भेगा पडतात, पाइपात पाणी साचते, कोणी काही कामासाठी बटण बंद करतो आणि चालू करायला विसरतो, घरात नवे बांधकाम होते. म्हणून दर दोन वर्षांनी हवेची पुन्हा तपासणी करावी, असेही ती पुस्तिका सांगते. एका बाजूला ४५० कोटी वर्षांचे युरेनियम आणि दुसऱ्या बाजूला पाच-दहा वर्षांचा पंखा, असा हा विषम सामना आहे.

मुलीच्या घरातील पंखा माळ्यावर होता. तो थांबून किती दिवस झाले होते हे दुरुस्तीला आलेल्या माणसालाही सांगता आले नाही. महिना असेल, तीन वर्षे असतील. कोळशाची पूड असलेली एक डबी दोन दिवस नातवाच्या खेळण्यांजवळ ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवली. उत्तर आले ते उपाययोजनेच्या पातळीच्या जवळजवळ तिप्पट. नवा पंखा बसला, नळीतील एक बाजू वर चढली, पुन्हा तपासणी केली तेव्हा आकडा निम्म्या पातळीच्याही खाली आला. कोणी आजारी पडले नाही, कोणाला काही झाले नाही. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच. पण मुलगी त्या रात्री झोपली नाही. ‘‘मी रोज कपडे धुवायला खाली जाते, बाबा. रोज त्या नळीसमोरून जाते,’’ असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मला तिचे समाधान करता येईना.

दोष कोणाचा, हा प्रश्न मी तेव्हापासून मनात घोळवीत आहे. पहिल्या मालकाने उपाय बसवला. हे त्याचे सत्कृत्यच. विकताना ‘रेडॉनची यंत्रणा आहे’ असे त्याने सांगितले. ते सत्य होते. घेणाऱ्यांनी ‘यंत्रणा आहे का’ असे विचारले; तो शहाणपणा होता. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्य तेच केले, आणि तरीही एक लहान मूल कोण जाणे किती दिवस त्या हवेत खेळत राहिले. सर्वांनी मिळून विचारायचा राहिला तो एकच प्रश्न: ती चालू आहे का? असणे आणि चालू असणे यांतील अंतर आपल्या रोजच्या भाषेत फारसे जाणवत नाही. घरात विहीर आहे, दाराला कुलूप आहे, भिंतीवर घड्याळ आहे, असे आपण म्हणतो. बंद पडलेले घड्याळही भिंतीवर ‘असते’च.

येथे एक अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ती नळी तेथे नसती, तर काय झाले असते? त्या भागात राहणाऱ्या दक्ष माणसांप्रमाणे मुलीने घर घेताच तपासणी करून घेतली असती. तपासणी झाली नाही ती उपाय बसवलेला होता म्हणूनच. म्हणजे बंद पडलेल्या उपायाने संरक्षण तर दिले नाहीच, उलट संरक्षणाची गरज भासू देणारी शंकाही मारून टाकली. ज्याच्या घराला दार नाही तो रात्री जागा राहतो. ज्याच्या दाराची कडी आतून गंजून तुटलेली आहे तो निश्चिंत झोपतो. यावरून मला असे वाटू लागले आहे की निगा न राखलेला उपाय हा उपायाच्या अभावापेक्षा नैतिकदृष्ट्या अधिक वाईट असू शकतो. उपाय करणे म्हणजे एक वचन देणे आहे आणि त्या वचनावर विसंबून इतर माणसे आपली सावधगिरी खाली ठेवतात. वचन देऊन विसरणाऱ्याचा अपराध वचन न देणाऱ्यापेक्षा मोठा असतो, हे आपण माणसामाणसांच्या व्यवहारात मान्य करतो. वस्तूंच्या द्वारे दिलेल्या वचनांना मात्र आपण तो न्याय लावीत नाही.

ही अमेरिकेतील सुखवस्तू माणसांची चिंता आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या गावाकडे परत आल्यावर मलाही प्रथम तसेच वाटले. मातीची भिंत, कवेलूंचे छप्पर, वाशांच्या फटींतून वाहणारा वारा. असल्या घरात रेडॉन साठणार तरी कोठे? पण त्या घरालाही स्वतःचा न विरणारा वायू होता. तो होता चुलीचा धूर. माझ्या आईचा खोकला माझ्या बालपणाच्या प्रत्येक आठवणीच्या पार्श्वभूमीला आहे. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला आणि २००२ पर्यंत चालला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. आमच्याकडेही एक आली, धुराड्यासह. छपरातून बाहेर गेलेला तो पाइप पाहून आम्हा भावंडांना केवढा अभिमान वाटला होता! पहिले वर्ष स्वयंपाकघर स्वच्छ राहिले. मग धुराड्यात काजळी साचली. ते कोणी साफ करायचे, केव्हा करायचे, हे कोणी सांगितले नव्हते. चूल बसवणारा पुन्हा फिरकला नाही. धूर परत घरात येऊ लागला. एके दिवशी आईने ती चूल फोडून जुनी तीन दगडांची मांडली. वहीत मात्र आमचे घर ‘धूरमुक्त’ म्हणून नोंदलेले राहिले असणार. देशात अनेक ठिकाणी असेच घडले, हे पुढे वाचनात आले. पेनसिल्व्हेनियातील पांढरा पाइप आणि किरनापुरातील ते काळवंडलेले धुराडे यांत मला आता फरक दिसत नाही.

आमच्या वैनगंगेच्या खोऱ्याने हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. भंडारा, गोंदिया, बालाघाट हा सारा धानाचा मुलूख आणि धान म्हणजे तलाव. पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या या तलावांची पाळ दरवर्षी पाहावी लागे, गाळ काढावा लागे, पाणी सोडण्याच्या तोंडाची डागडुजी करावी लागे. मालगुजार हा काही संत नव्हता. त्याच्या अन्यायाच्या कथा आजही सांगितल्या जातात आणि मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा हा न्याय्यच होता. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा पाळ कोणी पाहायची हा प्रश्न वाऱ्यावर राहिला. पुष्कळ तलाव गाळाने भरले. महाराष्ट्रात गेलेल्या जिल्ह्यांत त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव असे नाव पडले. आम्ही १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिलो, पण गाळ सीमारेषा ओळखत नाही. मालकी बदलण्याचा विचार कायद्याने केला. निगा कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, याचा विचार मागे राहिला. घर विकताना होते ते आणि राज्य बदलताना होते ते, यांत केवळ आकाराचाच फरक असावा.

निगा राखण्याच्या कामाला प्रतिष्ठा का नाही, याचे एक कारण मला असे दिसते की या कामाचे यश अदृश्य असते. गावच्या कोटवाराने रात्रभर फेरी घातली आणि चोरी झाली नाही, तर ती त्याच्या फेरीमुळे झाली नाही की चोर आलाच नव्हता, हे कोण सांगणार? रेडॉनच्या बाबतीत ही अदृश्यता पराकोटीला पोहोचते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००३ च्या अंदाजानुसार त्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे वर्षाचे सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनशी संबंधित आहेत. हा आकडा मोठा वाटतो. पण एका माणसापुरते पाहू गेल्यास, कधीही धूम्रपान न केलेली १,००० माणसे आयुष्यभर ४ पिकोक्युरीच्या हवेत राहिली, तर त्यांतील सुमारे ७ जणांना हा रोग होऊ शकेल, असे तीच संस्था सांगते. धूम्रपान करणाऱ्यांत तो आकडा ६२ वर जातो. म्हणजे माझ्या मुलीसारख्या हजारातील ९९३ जणांनी पंख्याकडे कधीच पाहिले नाही, तरी त्यांचे काही बिघडणार नाही. आणि उरलेल्या ७ जणांना झालेला रोग रेडॉननेच झाला, असेही कोणाच्या छातीवर लिहिलेले नसते. ज्या कर्तव्याचे पालन केल्याचा पुरावा नाही आणि उल्लंघन केल्याचाही नाही, त्याला कर्तव्य म्हणावे काय?

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझे उत्तर असे. शक्यता लहान असल्याने कर्तव्य नाहीसे होत नाही. त्याचे मोल तेवढे लहान होते. महिन्यातून एकदा नळीकडे पाहायला दहा सेकंद लागतात. दोन वर्षांतून एकदा एक डबी मांडून ठेवावी लागते. हजारात सात या शक्यतेपुढे हा व्यय इतका क्षुल्लक आहे की तो न करण्याचे समर्थन शक्यतेच्या हिशेबाने करताच येत नाही. आपण ते करीत नाही ते हिशेब मांडून नव्हे, तर विसरून. आणि विसरण्याला आपण निर्णयाचा मान देतो, ही आपली स्वतःशीच केलेली लबाडी आहे. शिवाय ते दहा सेकंद ज्याच्यासाठी द्यायचे तो बहुधा दुसरा कोणी असतो: तळघरात खेळणारे मूल, पाहुणे म्हणून झोपलेले म्हातारे आईवडील. स्वतःच्या फुप्फुसाबाबत बेफिकीर राहण्याचा अधिकार एखाद्याला असेलही. पण छपराखाली घेतलेल्या माणसांच्या वतीने तो अधिकार वापरता येत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या पत्नीने घेतला आणि तो अधिक खोल आहे. ती म्हणाली, ‘‘असं प्रत्येक भिंतीकडे संशयानं पाहत बसलं, तर माणसानं घरात राहायचं तरी कसं?’’ खरेच आहे. भीती हा काही निगेचा पाया होऊ शकत नाही. भ्यालेला माणूस पहिला महिनाभर दिवसातून चार वेळा नळी पाहतो, दुसऱ्या महिन्यात थकतो आणि तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे पाठ फिरवतो. पण विचार करता करता मला जाणवले की या प्रश्नाचे उत्तर तिच्याच हातात आयुष्यभर होते. दर आठवड्याला तिने शेणाने जमीन सारवली, ती भीतीपोटी सारवली नव्हती. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आमच्याकडे घर शाकारले जाई. उतरलेली कवेलू उतरवून, फुटलेली बाजूला काढून, नवी घालून छप्पर पुन्हा रचायचे. गळते आहे म्हणून ते कोणी करीत नसे. ज्या वर्षी एक थेंबही गळला नव्हता, त्या वर्षीही शाकारणी होईच. पावसाची भीती तिच्यात नव्हती आणि पावसाचा विसरही नव्हता. वर्षातील ते एक काम होते, जसे वर्षात सण येतात तसे.

जुन्या माणसांचे शहाणपण मला येथे दिसते. जे कर्तव्य आठवणीवर सोपवले, ते बुडणार हे त्यांना ठाऊक असावे. म्हणून त्यांनी ते पंचांगावर सोपवले. या शहाणपणाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सारवण, झाडलोट, चुलीची राख काढणे ही रोजची निगा बायकांच्या वाट्याला आली आणि तिला काम म्हणून कोणी मोजले नाही. धुराडे तुंबले तेव्हा ते साफ करण्यासाठी छपरावर चढायचे कोणी, हे ठरले नाही, कारण घरात धूर जिच्या नाकात जात होता तिचा छपरावर हक्क नव्हता आणि ज्यांचा हक्क होता ते ओसरीवर बसत होते. निगेचा प्रश्न हा असा न्यायाचाही प्रश्न होतो. संकट ज्याला सोसावे लागते आणि उपाय ज्याच्या हाती असतो, ती माणसे वेगळी असली की उपाय हमखास बंद पडतो.

आमच्या गावातही आता घरे बदलली आहेत. कवेलूंच्या जागी काँक्रीटचे छप्पर आले, फटी बुजल्या, काही खोल्यांत वातानुकूलन यंत्रे बसली आणि खिडक्या बंद राहू लागल्या. घरातील रेडॉनची जागतिक सरासरी घनमीटरमागे सुमारे ४० बेक्वेरेल आहे. सगळ्याच बंद घरांत धोका आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. हेतू एवढाच की काँक्रीटचे घर आम्ही ‘एकदाच बांधून मोकळे होण्याचे’ घर म्हणून स्वीकारले. शाकारणी गेली याचा सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण छपराबरोबर ती सवयही गेली. पिण्याच्या पाण्याचे यंत्र भिंतीवर असते. त्याची गाळणी केव्हा बदलली हे घरात कोणाला सांगता येत नाही. गावाच्या नळयोजनेच्या टाकीवर उद्घाटनाची तारीख कोरलेली दिसते. टाकी शेवटची केव्हा धुतली, ती तारीख कोठेही लिहिलेली नसते. उद्घाटनाला फीत असते, निगेला फीत नसते.

पेनसिल्व्हेनियातून निघण्यापूर्वी मी एक लहानसे काम केले. एका जाड कागदावर रकाने आखून तो त्या नळीशेजारी चिकटवला. तारीख, डाव्या बाजूची पातळी, उजव्या बाजूची पातळी आणि पाहणाऱ्याची सही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पाहायचे, असे ठरले. आणि पाहायचे नातवाने, कारण ती हवा मुख्यतः त्याची होती. पहिली सही त्याने माझ्यासमोर केली, मराठीत, नुकत्याच शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. पुढे दर महिन्याला फोनवर तो मला दोन आकडे सांगे. त्यांत फरक आहे हे ऐकले की मी ‘शाबास’ म्हणे. इकडे त्याची आजी म्हणे, ‘‘आजोबांनी नातवाला शाकारणीला लावलं.’’

२०२२ साली जावईबापूंची बदली झाली आणि ते घर विकावे लागले. कागद काढून टाकावा का, असे मुलीने फोनवर विचारले. नवे मालक कोण, कुठले, मराठी अक्षरांच्या त्या सह्या पाहून त्यांना काय वाटेल, हे काहीच ठाऊक नव्हते. मी म्हणालो, राहू द्या. फक्त वर इंग्रजीत दोन ओळी लिहा, आणि खाली रिकामे रकाने आहेत ना ते पाहा. मुलीने दोन ओळी लिहिल्या आणि नव्या मालकांना तळघरात नेऊन नळी दाखवली. रिकामे रकाने भरपूर होते. त्या घरात आता कोण राहते आणि पहिल्या रविवारी कोणी खाली उतरते की नाही, हे कळण्याचा मार्ग मला नाही. जमिनीखालचा खडक मात्र आपले काम करीत असेल, आणि माळ्यावरचा पंखा, तो चालू असेल तर, त्याचे.